शेऱ्यासाठी दोन ओळी

टेंभुर्णी,
३ मार्च २०२५

आदरणीय सर,

नमस्कार. रमाकाकूंनाही सांगा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुम्ही हात लावत नाही, म्हणून आज पोस्टात जाऊन पाकीट आणि तिकीट मागितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, नोकरीचा अर्ज हाये का?" मी म्हटलं, तसंच समजा.

सर, मी नापास झालेय. तुम्ही प्राचार्य असताना ज्या कॉलेजात शिकले, त्याच कॉलेजात गेली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतेय, आणि आता माझ्याच पोरांनी मला नापास केलंय. झालं असं की, तुम्ही निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज ऑफिसातच भरले जायचे. चार क्लार्क, चार रंगांची पेनं आणि सगळ्यांना साडेचार. यंदा नवे प्राचार्य आले. ते म्हणाले, खोटेपणा बंद, पोरांकडूनच भरून घ्या. कपाटातून जुना अर्ज निघाला, त्याच्या झेरॉक्स झाल्या, आणि आम्हाला वर्गाबाहेर काढून पोरांनी आकड्यांवर खुणा केल्या.

माझी सरासरी पाचापैकी एक पूर्णांक एक. आमच्या विभागप्रमुखांची, केदार सरांची, चार पूर्णांक सहा. तुमच्या वेळचा नियम अजून वहीत आहे: दोनच्या खाली ज्याची सरासरी, त्याला पुढच्या वर्षी तास नाहीत. बारा एप्रिलला विकास समितीची बैठक आहे, तिथे माझं नाव त्या नियमाखाली जाणार.

मला संशय हरिओमचा आहे. पुढच्या बाकावर बसून मोबाईल बघायचा, म्हणून जानेवारीत त्याला महिनाभर मागे बसवला होता. वर्गात त्याचं वजन आहे. पण एकट्या हरिओमने चव्वेचाळीस पोरं फिरवली असतील, तर त्याने आमदारकीच लढवावी.

सर, तुमच्याकडून शिफारस नको. एकच विचारते. मी वाईट शिकवते का? विद्यार्थिनी असताना तुम्ही मला फळ्यापुढे उभी राहताना पाहिलंय. खरं सांगा.

तुमची,
साधना

---

जालना,
९ मार्च २०२५

चि. साधना,

आशीर्वाद. पत्र मिळाले. अक्षर अजून उजवीकडे कलते, ते सुधारले नाहीस.

तू खरे विचारलेस म्हणून खरे सांगतो. तू विद्यार्थिनी म्हणून हुशार होतीस. शिक्षिका म्हणून कशी आहेस, हे मला माहीत नाही, तुझ्या वर्गाला माहीत आहे. त्यांनी सांगितले आहे. तो अभिप्राय-अर्ज २००८ साली मीच तयार केला. तेव्हा जिल्ह्यात असले काही कोणी करत नव्हते. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, नाव लिहायचे नाही. तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी ठेवल्या होत्या, पण मुले तिथे काहीबाही लिहितात, म्हणून हिशेब फक्त आकड्यांचा धरायचा असे मी ठरवले. शेरे वाचण्यात वेळ घालवू नये, अशी लेखी सूचनाच होती.

त्या अर्जाच्या आधारे मी तीन वर्षे निर्णय घेतले. ज्याची सरासरी सर्वांत जास्त, त्याला स्नेहसंमेलनात शाल. आणि एकदा, २००९ साली, एका तरुण शिक्षकाला थांबवावे लागले. तात्पुरत्या नेमणुकीवर होता. त्याची सरासरी तुझ्यासारखीच होती. माणूस मला आवडत असे, तरीही मी थांबवले. आवडीनिवडीवर संस्था चालत नाही. तो निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते.

तेव्हा हरिओमला दोष देऊ नकोस. विद्यार्थ्यांशी सलगी कमी कर. गोष्टी सांगणे, घरचे विचारणे बंद कर. नोट्स नीट दे आणि बैठकीपूर्वी कोणापुढे हात पसरू नकोस.

रमाला तुझे पत्र वाचायला दिले. ती म्हणाली, तुम्ही फार कोरडे लिहिता. कोरडे असले तरी नेमके आहे.

जगन्नाथ

---

टेंभुर्णी,
२० मार्च २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र मिळालं. मग तुम्ही सांगितलं तसंच वागले. सहा दिवस वर्गात गेले, नोट्स वाचून दाखवल्या, बाहेर आले. कोणाच्या आईचं ऑपरेशन झालं, कोणाची बस चुकली, काही विचारलं नाही. हरिओमने शंका विचारली तर म्हटलं, पुस्तकात बघ. वर्ग इतका शांत झाला की मला माझ्याच आवाजाची चीड यायला लागली.

मंगळवारी मात्र भडका उडाला. मी फळ्यावर लिहीत होते, मागे कुणीतरी कुजबुजलं. मी वळून ओरडले, "एवढीच नको झालेय ना मी तुम्हाला? झालं तुमच्या मनासारखं! पुढच्या वर्षी नाही दिसायची!" आणि डस्टर टेबलावर आपटून निघून आले. सर, नऊ वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. मला त्याची लाज वाटतेय.

शालू माझ्या मागे प्रयोगशाळेत आली. धावड्याची आहे, दोन बस बदलून येते. दारात उभी राहून रडायलाच लागली.

"मॅडम, आमचं काय चुकलं? तुमी बोलून न्हाई राह्यल्या सहा दिसापासून."

मी म्हटलं, "सगळीकडे एक देताना नाही रडू आलं?"

"मंग किती देयाचा?" तिला खरंच कळेना. "सगळ्यात वरचा तुमालाच देल्ता आमी. हरिओमनं सगळ्यायला सांगितलं, मॅडमला पहिला नंबर, दुसरा बी कोणी टाकायचा न्हाई. तरी चार-पाच जनायनं टाकलाच."

"आणि पाच?"

"पाचवा तर शेवटचा ना, मॅडम! आमच्या गावच्या शंकरपटात बैलजोडी पाचवी आली तर मालक मागच्या रस्त्यानं घरी जातो."

मी स्टुलावर बसलेच. कोरा अर्ज काढून पुन्हा पाहिला. "योग्य आकड्यावर खूण करा", एवढंच लिहिलंय. पाच म्हणजे चांगलं की एक, हे कुठेच नाही. शाळेत पहिला, कुस्तीत पहिला, पटात पहिला. ज्या पोरांनी जन्मभर पहिल्यालाच हार घालताना पाहिलं, ती दुसरं काय करणार?

आणि मग मला आठवलं, सर. मीही तेच केलं होतं! २००९ साली, शेवटच्या वर्षाला असताना, संपत सरांच्या अर्जावर मी दहाही प्रश्नांना एक दिला होता, आणि खाली शेराही लिहिला होता. संपत सर आठवतात ना तुम्हाला? सायकलचं चाक वर्गात आणून कोनीय संवेग शिकवायचे. मी भौतिकशास्त्राकडे वळले ते त्यांच्यामुळे. पुढच्या वर्षी ते दिसले नाहीत. आम्हाला सांगितलं होतं की सरांना दुसरीकडे चांगली नोकरी लागली.

आता प्रश्न असा. मी हे प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, मुलांना समितीपुढे येऊन नावानिशी सांगू द्या. शालू, हरिओम आणि आणखी दहा जण तयार आहेत. पण सर, मी वर चढले की केदार सर खाली येतात. त्यांचे चार पूर्णांक सहा म्हणजे पोरांनी त्यांना शेवटचा नंबर दिलाय. आणि एप्रिलअखेर प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तिचे गुण केदार सरांच्या हातात. माझ्या नोकरीसाठी मी या बारा पोरांना त्यांच्यापुढे उभं करू का?

लवकर लिहा. तुम्ही सांगाल तसं करीन.

साधना

---

टेंभुर्णी,
२९ मार्च २०२५

आदरणीय सर,

नऊ दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? रमाकाकूंचा फोनही लागत नाही. मी काही जास्त बोलले असेन तर माफ करा.

इथे वेळ कमी आहे. काल केदार सरांनी एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. "विद्यार्थ्यांचे अभिप्राय मला मान्य असून मी स्वेच्छेने पुढील वर्षी तास घेणार नाही." म्हणाले, "सात तारखेपर्यंत सही करा. बैठकीत नाव निघालं तर अनुभवाच्या दाखल्यावर शेरा येईल. मग दुसरं कुठलंच कॉलेज घेणार नाही." आवाज अगदी मऊ होता. जाताना म्हणाले, "शालू प्रॅक्टिकलला कच्ची आहे, नाही?"

त्यांना सगळं कळलंय, सर. मला भीती वाटतेय. पोरांना पुढे करायचं नाही, हे मी ठरवलंय. मग सहीशिवाय दुसरं काय उरतं?

साधना

---

जालना,
१ एप्रिल २०२५

चि. साधना,

सही करू नकोस.

तुझे वीस तारखेचे पत्र मला चोवीसला मिळाले. उत्तर न देण्याचे कारण तब्येत नव्हे. मी भ्यालो होतो.

ज्या शिक्षकाला मी २००९ साली थांबवले, तो संपत. मागच्या पत्रात मी त्याचे नाव टाळले. तो तुझा आवडता शिक्षक होता, हे मला माहीत होते, म्हणून टाळले. दुसरीकडे नोकरी लागली, हेही तुम्हा मुलांना माझ्याच सांगण्यावरून सांगण्यात आले.

तुझे पत्र वाचल्यावर ट्रंक उघडून मूळ अर्ज काढला. तो मी लिहिला होता, टाइप करवून घेतला होता, त्याचे कौतुक ऐकले होते. वाचला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. पाच म्हणजे उत्तम, हे लिहायची मला गरजच वाटली नव्हती. मी जालन्यात वाढलो, गुणपत्रिका तपासण्यात आयुष्य गेले, जास्त आकडा म्हणजे चांगला हे मला श्वासाइतके उघड होते. समोर बसलेल्या मुलांना ते तसे आहे का, हे मी एकालाही विचारले नाही. त्या तीन वर्षांत मी शाली कोणाला पांघरल्या, हे आता आठवण्याचे धाडस होत नाही.

रमाने संपतचा पत्ता काढला. तो अंतरवाली सराटीला असतो. सत्तावीस तारखेला आम्ही अंबडवरून तिथे गेलो. चौकात त्याचे चहाचे हॉटेल आहे. त्याने मला ओळखले, बाक पुसला, चहा दिला. मला ऐकू येत नाही, म्हणून रमाने त्याच्यापुढे वही आणि पेन ठेवले. मी सगळे सांगितले. माझा आवाज किती मोठा होता कोण जाणे, कारण चौकातली माणसे वळून बघत होती. मी माफी मागितली.

तो बराच वेळ गिऱ्हाइकांना चहा देत राहिला. मग येऊन वहीत एकच ओळ लिहिली. ती वही माझ्यासमोर आहे. "सर, त्या वर्षी तुम्ही एकदा तरी माझ्या वर्गात येऊन बसला होता का?"

मी मान हलवली. नव्हतो बसलो. माझे ऑफिस त्याच्या वर्गाच्या बरोबर समोर होते.

मग त्याने आणखी एक ओळ लिहिली. "ते अर्ज कुठे असतील तर मला बघायचे आहेत. सोळा वर्षं मला वाटत होतं, पोरांनी मला नको म्हटलं."

आता तुझे. एकाही विद्यार्थ्याला समितीपुढे नेऊ नकोस. त्यांच्या नावांची गरज नाही. अर्ज माझा आहे, चूक माझी आहे, आणि ती सांगायला मी पुरेसा आहे. बारा तारखेला मी स्वतः येईन. प्राचार्यांना आजच रजिस्टर पत्र टाकले आहे. तिथल्या भिंतीवर माझा फोटो आहे. तो त्यांना त्यानंतर ठेवायचा की काढायचा, हे तेच ठरवतील.

तू विचारले होतेस, मी वाईट शिकवते का. त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, त्याबद्दल मला वाईट वाटते.

जगन्नाथ

---

टेंभुर्णी,
१९ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

बैठकीत तुम्ही उभे राहून पत्र वाचलंत, बसलात, आणि नंतरचं काही तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून लिहून कळवते.

 समितीतले तातेराव पाटील, तुमच्या काळापासून आहेत ते, म्हणाले, "सर, तुमच्या हातून शाल मी बी घेतलेली हाये. गणित शिकवत होतो तवा." खोलीत कुणाला हसावं की नाही कळेना. तेच स्वतः आधी हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनीच ठराव मांडला. यंदाचे अर्ज रद्द, दोनच्या खालचा नियम स्थगित, नव्या अर्जावर आकडे नाहीत, "चांगलं, ठीक, वाईट" असे शब्द. आणि शेरे वाचायचे, ते वाचणाऱ्याने खाली सही करायची. माझे तास पुढच्या वर्षीही आहेत. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक येणार, हे प्राचार्यांनी स्वतःहून जाहीर केलं. एकाही पोराचं नाव कुठे आलं नाही.

केदार सर नंतर प्रयोगशाळेत आले. मला वाटलं, आता भांडतील. ते खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या महिन्यात मी घरी पेढे नेले होते, साधनाबाई. मुलीला सांगितलं, बघ, बाबा पहिला आला." मग तो टाइप केलेला कागद त्यांनी स्वतःच फाडला. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. शालूबद्दल ते जे बोलले, ते मी विसरणार नाही.

राग तुमचाही आहे, सर. तुमच्याशी खोटं बोलायला मी शिकले नाही. "तो निर्णय बरोबर होता" असं तुम्ही इतक्या थाटात लिहिलंत, आणि मी त्यावर विश्वास ठेवून सहा दिवस माझ्या वर्गाला छळलं. पण त्या दिवशी भरल्या खोलीत तुम्ही कागद हातात धरून उभे होतात, आणि "चूक माझी आहे" ही शेवटची ओळ तुम्ही गाळली नाहीत. ते मी पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. रेकॉर्ड रूमच्या भिवाकाकांना मी जुने अर्ज विचारले. ते म्हणाले, "तपासनीला कमिटी येती म्हनून इथं काईच फेकून देत न्हाईत, पोरी. पार सुतळी बांधलेले गठ्ठे हायेत." दोन दिवस आम्ही धूळ खात शोधलं. तिसऱ्या फळीवर गठ्ठा सापडला. "भौतिकशास्त्र, २००९, संपत." एकसष्ट अर्ज. सुतळीची गाठ सोळा वर्षांत कुणी सोडलीच नव्हती. आकडे मोजून, बांधून, वर टाकलेला.

त्यात माझा अर्ज आहे. उजवीकडे कललेलं अक्षर, तुम्ही लगेच ओळखाल. मी तो वाचला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. भिवाकाका बिचारे पाणी आणायला धावले. ज्या माणसामुळे मी शिक्षक झाले, त्याची नोकरी घालवायला माझाही हात लागला, आणि मी तो किती प्रेमाने लावला होता.

प्राचार्यांची परवानगी घेतली आहे. उद्या रविवार. गठ्ठा घेऊन मी स्वतः अंतरवालीला जातेय. काय बोलायचं, ते माहीत नाही.

साधना

---

अंतरवाली सराटी,
२७ एप्रिल २०२५

आदरणीय जगन्नाथ सर,

नमस्कार. साधना येऊन गेली. गठ्ठा देऊन ती दुकानात थांबलीच नाही, मागे जाऊन भांडी विसळायला लागली. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी तिला म्हटलं, बाई, तू पहिला नंबर दिलास, तो मला आज पोचला, एवढंच.

अर्ज मी आठवडाभर पुरवून वाचले, रोज आठ-नऊ. पंचावन्न पोरांनी सगळीकडे एक दिलाय. एकाने सगळीकडे पाच देऊन खाली लिहिलंय, "सर घरचा अभ्यास फार देतात." अक्षरावरून तो अंगद होता, आणि त्याचं बरोबर होतं, मी फार द्यायचो. चार अर्जांत सगळीकडे तीन, एक कोरा. पण शेऱ्याच्या ओळी भरलेल्या आहेत, सर. चाळीसच्या वर पोरांनी तिथे काही ना काही लिहिलंय. एका मुलीने, "चाकाचा प्रयोग पुन्हा दाखवावा." साधनाने, "मी पण शिक्षक होणार." आणि अकरा जणांनी, एकमेकांचं बघून असेल, पण जवळजवळ एकच वाक्य: "सरांना पुढच्या वर्षी पण ठेवा."

तुमच्या टेबलावर हे कागद एक दिवस तरी असणार. त्या अकरा जणांनी तुम्हालाच उद्देशून लिहिलं होतं.

तुम्ही माफी मागितलीत. इतक्या लांब आलात, चारचौघांत बोललात, त्याचं मोल मला कळतं. पण ती माफी मला अजून देता येत नाही. खोटं कशाला लिहू? पुढे कधी देता येईल का, तेही सांगता येत नाही.

एक मात्र करता येईल. दर रविवारी सकाळी आठ ते दहा हॉटेल बंद असतं. मागच्या पत्र्याच्या खोलीत गावातली बारावीची पोरं येतात, यंदा चौदा आहेत. गेली अकरा वर्षं मी त्यांना शिकवतो. सायकलचं चाक तेच आहे, फक्त ट्यूब दोनदा बदलली. तुम्ही एका रविवारी या आणि मागच्या बाकावर बसा. अर्ज आणू नका.

तुम्हाला ऐकू येत नाही, असं वहिनी म्हणाल्या. हरकत नाही, फळा मोठा आहे.

आपला,
संपत